स्वच्छ हवेतला उपवास

दोन वर्षांपूर्वी लॉस एंजलिसला भाचीकडे राहायला गेलो होतो, तेव्हा तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने मला एक प्रश्न विचारला आणि मी त्याचे चुकीचे उत्तर दिले. चूक त्या क्षणी कोणाच्याच लक्षात आली नाही. माझ्या तर नाहीच, कारण उत्तर देताना माझा स्वर एकतीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसाचा होता आणि त्या स्वराला आमच्या घरात कोणी आडवे जात नाही. आम्ही विल्शायर बुलेव्हार्डवर ला ब्रेयाला गेलो होतो. भर शहरात, दोन्ही बाजूंनी गाड्या वाहत असताना, मध्येच एक काळे तळे आहे. त्यातून अधूनमधून मोठा बुडबुडा वर येतो, क्षणभर फुगतो आणि आळसटपणे फुटतो. ‘ब्रेया’ म्हणजे स्पॅनिशमध्ये डांबरच, त्यामुळे ‘ला ब्रेया टार पिट्स’ या नावात डांबर दोनदा येते. आपण ‘पावरोटी’ म्हणताना भाकरी दोनदा वाढतो, तसेच हे. पण मला तिथे पोहोचताच आठवला तो सोलापूरच्या आमच्या गल्लीतला वैशाख. रस्त्याच्या कडेला लाकडे पेटवून तापवलेले डांबराचे पिंप, त्याचा घशात उतरणारा वास आणि चपलेच्या तळाला चिकटलेला तो काळा गोळा रॉकेलच्या चिंधीने पुसताना आईची चाललेली बडबड. परक्या देशात वास ओळखीचा निघाला की माणूस जरा जास्तच आत्मविश्वासाने बोलू लागतो, असे आता मला वाटते.

तळ्यात हत्तीच्या कुळातल्या मॅमथचा मोठा पुतळा अर्धा बुडालेला उभा केला आहे आणि काठावरचे पिल्लू त्याच्याकडे सोंड उंचावून पाहत आहे. तो पाहून नात बराच वेळ गप्प होती. आत संग्रहालयात त्याच डांबरात सापडलेल्या, हिमयुगातल्या डायर वुल्फ जातीच्या लांडग्यांच्या चारशेहून अधिक कवट्या एका भिंतीवर नारिंगी प्रकाशात ओळीने मांडल्या आहेत. एकाच जातीचे इतके दात एकाच वेळी आपल्याकडे पाहत आहेत ही भावना सुखाची नसते. त्या भिंतीसमोर उभे राहून तिने विचारले, “मामाआजोबा, एवढे सगळे खायचे काय?” मी म्हणालो की लांडगे खायचे बायसनना आणि घोड्यांना, आणि ते खायचे गवत आणि झाडपाला, आणि तेव्हा तर झाडे आजच्यापेक्षा जास्त तरारलेली असणार, कारण माणसाने अजून हवेत धूर सोडलेला नव्हता. तिने मान डोलावली. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, चला आता, पाय दुखायला लागले.” आणि आम्ही बाहेर पडलो.

तरारलेली असणार, हे मी मनानेच ठरवले होते.

पुण्याला परतल्यावर, प्रवासाचा शीण उतरल्यावर, त्या जागेविषयी थोडे नीट वाचावे म्हणून बसलो आणि उत्तराचा एकेक पदर उसवत गेला. पहिली चूक तर प्रश्नातच होती आणि ती मी दुरुस्त करायला हवी होती. ला ब्रेयात सापडलेल्या सस्तन प्राण्यांच्या अवशेषांपैकी सुमारे नव्वद टक्के मांसाहारी प्राण्यांचे आहेत. कोणत्याही रानात असे प्रमाण असू शकत नाही. एखादा बायसन डांबरात रुतला की त्याच्या हंबरण्याने लांडग्यांची टोळी आणि सुरीसारख्या सुळ्यांची ती मोठी मांजरे धावत यायची आणि त्याच चिखलात अडकायची. म्हणजे ती भिंत ही त्या काळच्या अरण्याची शिरगणती नसून एका सापळ्याची वही आहे. एवढे मी स्वतःला माफ करू शकलो, कारण प्राणी हा माझा विषय नव्हे. पण त्या डांबराने हाडांबरोबर लाकूडही जपले होते. त्यात जुनिपर या सूचिपर्णी झाडाचे तुकडे होते, सुमारे सात हजार सातशे ते पंचावन्न हजार वर्षांपूर्वीचे, आणि जॉय वॉर्ड या संशोधिकेच्या गटाने २००५ साली त्या लाकडातून जे वाचून काढले होते ते माझ्या उत्तराच्या नेमके उलट होते. मी आयुष्यभर ज्यांच्याविषयी बोललो त्या झाडांबद्दल तिथे एका शब्दाने चौकशी न करता, दात पाहून परत आलो होतो, हे मला उत्तर चुकल्यापेक्षाही जास्त लागले.

गोष्ट हवेपासून सुरू होते. अंटार्क्टिकाच्या बर्फात हवेचे बुडबुडे अडकून राहतात. बर्फाचा उभा गाभा काढला की त्यातून मागच्या आठ लाख वर्षांची हवा हाती लागते. तिच्यात एक संथ लय दिसते. उबदार काळात हवेच्या दर दहा लाख रेणूंमध्ये कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू असत आणि हिमयुग भरात आले की ते १८० ते २०० पर्यंत उतरत, कारण थंड समुद्र आणि त्याचे खोल पाणी तो वायू पोटात घेऊन बसे. वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटचे हिमयुग ऐन भरात असताना, हवा या तळाच्या आसपास होती. आज हा आकडा ४२० च्या वर आहे. माझा जन्म १९५८ चा. त्याच वर्षी मार्चमध्ये हवाईच्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी रोजची मोजणी सुरू केली, तेव्हा पहिली नोंद ३१३ ची होती. म्हणजे हिमयुगातून बाहेर पडताना हवेला जेवढी भर घालायला काही हजार वर्षे लागली, त्याहून जास्त भर माझ्या एकट्याच्या हयातीत पडली. हे आकडे मी वर्गात फळ्यावर लिहिले आहेत. पण ते लिहिताना माझे बोट नेहमी वरच्या टोकाकडे असे, आजच्या आणि उद्याच्या. खालच्या टोकाला, त्या १८० मध्ये, एखादे झाड उभे राहून काय खात असेल असे मला कधी वाटले नाही आणि कोणा विद्यार्थ्यानेही विचारले नाही.

लाकूड हे कसे सांगते, ते समजल्यावर मात्र मला मनापासून आनंद झाला. कार्बनचा एक हलका आणि एक किंचित जड प्रकार हवेत असतो. पान हलक्याला पसंती देते, पण ती पसंती किती चालवायची हे पानाच्या आत किती माल आहे यावर ठरते. मंडईत वांग्यांचा ढीग असला की आपण उलटीपालटी करून, देठ पाहून निवडतो. संध्याकाळी टोपलीत चारच उरली असली की आहेत ती पिशवीत पडतात. बाहेरच्या हवेच्या मानाने पानाच्या आतल्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड किती शिल्लक होता, ते प्रमाण अशा रीतीने लाकडाच्या तंतूत कायमचे लिहिले जाते. बाहेरची हवा किती होती ते अंटार्क्टिकाचा बर्फ सांगतो, आतले प्रमाण कॅलिफोर्नियाचे डांबर सांगते, आणि पृथ्वीच्या दोन टोकांच्या या दोन साक्षी जोडल्या की वीस हजार वर्षांपूर्वीच्या एका पानाच्या पोटात काय होते ते कळते. वॉर्ड यांना दिसले ते असे की आत आणि बाहेर यांचे प्रमाण तेव्हाही जवळपास आजच्यासारखेच होते. झाडाने आपली शिस्त सोडली नव्हती. पण बाहेरच निम्मे असल्यावर त्या शिस्तीचा उपयोग काय? आतला साठा त्या रेषेच्या अगदी जवळ आला होता, जिच्याखाली सी-३ वनस्पती, म्हणजे कार्बन पकडायची साधी, जुनी वाट वापरणारी बहुतेक झाडे, दिवसभर कमावतात त्याहून जास्त खर्चून बसतात. हवा कोरडी असल्यामुळे पाने मिटून बसली असतील, ही पळवाटही बंद झाली. त्याच लाकडातल्या प्राणवायूवरून तेव्हाची हवा उलट आजच्यापेक्षा सुमारे दहा टक्के अधिक दमट होती असे निघाले. शोधनिबंधाच्या शीर्षकातच कार्बनची उपासमार हा शब्द आहे. शास्त्रीय लेखनात असे शब्द सहसा जपून वापरतात.

नंतर २०१२ मध्ये त्याच लाकडाची वर्तुळे वर्षावर्षाने तपासली गेली. आजच्या जुनिपरमध्ये पानातला साठा पावसाबरोबर वरखाली होतो. चांगले वर्ष, वाईट वर्ष ओळखू येते. हिमयुगातल्या झाडांत हा चढउतार फारच कमी निघाला. आजचे झाड अगदी कोरड्या वर्षातही जेवढे उपाशी राहत नाही, तेवढे ते झाड दरवर्षी होते. पाऊस चांगला झाला म्हणून त्याला हुशारी येत नव्हती. ज्याच्या घरात धान्यच नाही त्याच्या दारी पाण्याचा नळ जोरात वाहिला तरी चूल पेटत नाही, तशी ही गत. तरीही ती झाडे जगली आणि त्यांनी वर्तुळामागून वर्तुळ घातले. तो तुकडा हातात घेता आला असता तर वर्तुळे किती जवळजवळ आहेत हे नखाने चाचपून पाहिले असते, असे मला अजून वाटते.

या सगळ्याच्या मुळाशी आहे रुबिस्को, पानात कार्बन डायऑक्साइड पकडणारे विकर, म्हणजे एन्झाइम. हे विकर मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा शिकवले आहे की झोपेतही त्याच्यावर तास घेईन. पृथ्वीवरचे बहुधा सर्वांत मुबलक प्रथिन, आणि कामाला तितकेच संथ: सेकंदाला जेमतेम काही रेणू. हवेत प्राणवायू नावापुरता होता त्या काळात ते घडले, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड आणि प्राणवायू यांत त्याची गफलत होते. आजच्या उबदार दिवशी साधारण तीन-चार वेळा बरोबर वायू पकडला की एकदा ते चुकून प्राणवायूला हात घालते. ही चूक निस्तरण्यात झाडाची कमावलेली साखर आणि ऊर्जा खर्ची पडते, तिला आपण प्रकाशश्वसन म्हणतो. कार्बन डायऑक्साइड निम्म्यावर आला की चुकांचे प्रमाण वाढते. थंडीमुळे त्या चुका थोड्या कमी होत, हा हिमयुगाचा एक छोटासा उपकार. पण त्याने सगळी तूट भरून निघत नव्हती. आणि वायू मिळवायचा तर पर्णरंध्रे उघडी ठेवायला हवीत, म्हणजे तिथूनच पाणी उडून जाणार. आमच्या प्रात्यक्षिकात मुले पानाच्या मागे पारदर्शक नेलपॉलिश लावून, वाळल्यावर तो पापुद्रा सोलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत. वर्गभर त्या नेलपॉलिशचा गोडसर, डोके जड करणारा वास पसरे आणि कोणीतरी हमखास स्वतःची नखेही रंगवून घेई. त्या पापुद्र्यावरची मिटल्या ओठांसारखी रंध्रे मोजायला मी लावत असे. १९८७ साली इयन वुडवर्ड यांनी केंब्रिजच्या संग्रहातली दोनशे वर्षांतली वाळवलेली पाने तपासली आणि या काळात रंध्रांची दाटी सुमारे चाळीस टक्क्यांनी घटल्याचे दाखवले. हवेत खाणे वाढले तशी पानाने तोंडे कमी केली. हे माहीत असूनही मी उलट्या दिशेने हिशेब केला नव्हता: खाणे कमी होते तेव्हा पान किती तोंडे उघडी टाकून बसले असेल आणि किती पाणी गमावले असेल.

आजच्या वनस्पतींना हिमयुगाची हवा देऊन पाहण्याचे प्रयोगही झाले आहेत. आजचे बरेच निकाल एकत्र पाहिले तर १८० ते २२० च्या हवेत सी-३ वनस्पतींची वाढ ३५० ते ३८० च्या हवेतल्या वाढीच्या साधारण निम्मी भरते. १९९५ सालच्या एका प्रयोगात तर आपल्या बांधावर उगवणाऱ्या मुद्रेच्या कुळातले एक तण आणि माठाच्या कुळातले दुसरे तण शेजारी शेजारी वाढवले. हवा १५० वर आणल्यावर मुद्रेच्या बहिणीचे वजन नेहमीच्या जेमतेम आठ टक्के भरले. तिला कळ्या आल्या, पण त्या उमलण्याआधीच गळून पडल्या. बी एकही धरले नाही. माठाच्या बहिणीला जणू काही झालेच नव्हते. मी हे वाचले त्या दिवशी घरात लाल माठाचीच भाजी होती. ताटात पसरलेला तो गुलाबी रस्सा मी जरा वेगळ्या आदराने भाकरीला लावला.

आणि भाकरी ज्वारीची होती, हेही त्याच गोष्टीचे दुसरे टोक. आमचा चुलतभाऊ आबा मंगळवेढ्याकडे मालदांडी ज्वारी करतो. पौषात त्याच्या रानात हुरडा खायला गेलो होतो. आगटीतल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेली कणसे, तळहातावर चोळताना बसणारा चटका, कोवळ्या दाण्यातले दूध, वर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. आबाने मध्येच मोबाइल काढून मला एक संदेश दाखवला. परदेशात काचेच्या घरात भाज्या पिकवणारे मुद्दाम कार्बन डायऑक्साइड सोडतात, मग हवेत तो वाढला म्हणून एवढी ओरड कशाला, असा त्याचा मथितार्थ होता. “तूच सांग,” तो म्हणाला, “आमच्या जोंधळ्याला याचा फायदा व्हायला पाहिजे का नको?” मी म्हणालो, गव्हाला काहीसा होईल, जोंधळ्याला फारसा नाही, दुष्काळात पाणी थोडे वाचेल, एवढेच. तो हसला. त्याला वाटले मी नेहमीसारखा मास्तरकीने टाळतोय. पण उत्तर खरे होते आणि त्याचे कारण हिमयुगाहूनही जुने आहे. ज्वारी, बाजरी, मका, ऊस, माठ या सी-४ वनस्पती. त्यांच्या पानात शिरांभोवती पेशींचे एक कडे असते. गॉटलीब हाबरलांट यांनी १८८४ मध्ये त्याला जर्मन भाषेत ‘क्रांझ’ म्हटले, आपण गजरा म्हणू. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडून त्याचे आम्ल करतात, ते आम्ल आतल्या गजऱ्यात नेऊन मोकळे करतात आणि तिथे रुबिस्कोभोवती त्याची एवढी गर्दी करतात की प्राणवायूला शिरकाव राहत नाही. १९६० च्या दशकात ब्रिस्बेनमध्ये हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी ही वाट उलगडली ती उसाच्या पानात. साखर कारखान्यांच्या या प्रदेशात ही गोष्ट कुठल्याही चौकात सांगायला हवी होती, असे माझे मत आहे. आमच्याकडे मात्र उसावर बोलायचे तर भावावर. हवेतला कार्बन डायऑक्साइड उतरत गेला तेव्हा, सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी, ही युक्ती प्रथम निघाली आणि मग वेगवेगळ्या कुळांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा शोधून काढली. म्हणजे जोंधळ्याच्या पूर्वजांनी टंचाईत राहण्याची तजवीज आधीच करून ठेवली होती. ज्याने दुष्काळासाठी पेव भरून ठेवले आहे त्याला सुगीचे तेवढे अप्रूप नसते, हे आबाला मी शेवटी त्याच्या भाषेत सांगितले तेव्हा ते पटले. मोबाइल खिशात गेला आणि पुढचे कणीस आगटीत.

ही टंचाई फक्त अमेरिकेची नव्हती. हवा सगळ्यांची एकच. निलगिरीच्या उंच खोलगट दलदलीत हजारो वर्षांचा कुजका पाला थरावर थर साचला आहे. रमण सुकुमार, आर. रमेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातला कार्बन तपासून १९९३ मध्ये दाखवले की सुमारे वीस ते सोळा हजार वर्षांपूर्वी तिथे सी-४ गवतांचे राज्य होते. त्यांनी त्याचे कारण कोरडी हवा, दुबळा पावसाळा असे दिले, आणि हवेतली कार्बनची टंचाईही त्याच गवतांच्या बाजूची होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या, म्हणून कोणाचा हात किती हे वेगळे काढणे अवघड. आज तिथे शोला नावाच्या सदाहरित रानाच्या दाट हिरव्या पट्ट्यांच्या मध्ये गवताळ टेकड्या दिसतात. मी उटीला सहल घेऊन गेलो होतो तेव्हा मुलांना शोलाचीच झाडे ओळखायला लावली होती आणि गवतावर बसून डबे उघडले होते.

या वाचनात मला सर्वांत अस्वस्थ केले ते वनस्पतिशास्त्रज्ञ रोवन सेज यांच्या १९९५ मधल्या एका सूचनेने. पंधरा ते बारा हजार वर्षांपूर्वीच्या काळात कार्बन डायऑक्साइड २०० च्या खालून २७० च्या आसपास आला, आणि त्यानंतरच काही हजार वर्षांत जगात अनेक ठिकाणी शेती सुरू झाली. त्याआधीही माणूस तेवढाच हुशार होता. मग त्याने पेरणी का केली नाही? सेज म्हणतात, पेरून हाती लागले असते असे त्या हवेत फारसे काही पिकतच नसावे. हे गृहीतक आहे, सिद्धान्त नव्हे, आणि शेतीच्या उगमाची इतर कारणेही आहेत. पण ते मनातून जात नाही. ज्या वायूला मी तीस वर्षे खलनायक म्हणून फळ्यावर उभे केले, त्याच्याच वाढीने कदाचित पहिला गहू ओंबीला धरला असेल. आबाचा संदेश अगदीच खोटा नव्हता, हे मला कबूल करावे लागते, आणि ते कबूल करणे मला आवडत नाही, कारण तो संदेश ज्या अंगाने फिरवला जातो ते अंग मला ठाऊक आहे. शिवाय जास्त खाऊ घातलेल्या गव्हाचेही एक लहानसे दुखणे आहे: सुमारे ५५० च्या हवेत वाढवलेल्या गव्हाच्या दाण्यात जस्त नऊ टक्क्यांहून अधिक आणि लोह पाच टक्क्यांनी कमी भरल्याचे २०१४ मध्ये दिसले. ओंबी भरते, पण दाणा फिका पडतो. उपाशी जुनिपरच्या लाकडाला पन्नास हजार वर्षे काही झाले नाही, आणि इथे पोटभर जेवलेल्या दाण्यात लोह कमी, असा विचार मनात आला तेव्हा मी पुस्तक मिटून गच्चीवर गेलो. खाली रस्त्याचे काम चालले होते. डांबराचा वास वरपर्यंत येत होता.

शेवटी एका रविवारी रात्री, म्हणजे तिकडची सकाळ होती, मी नातीला फोन लावला. बरेच दिवस मनात जुळवून ठेवलेले सांगितले: की मी तेव्हा चुकीचे सांगितले होते, की धूर नव्हता म्हणून झाडे तरारलेली होती असे नाही, उलट हवेत त्यांचे खाणे आजच्या निम्म्याहूनही कमी होते आणि त्या डांबरात सापडलेली झाडे जन्मभर अर्धपोटी उभी होती. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मागे भाचीचे मिक्सर चालू असल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, “पण मामाआजोबा, मी झाडांचं विचारलंच नव्हतं. मी लांडग्यांचं विचारलं होतं.”

मी म्हणालो, हो, बरोबर आहे. लांडगे खायचे बायसन. आणि बायसन खायचे गवत. इथे मी थांबलो, पुढचा प्रश्न येईल म्हणून वाट पाहत. तेवढ्यात तिला पोहण्याच्या वर्गाला निघायचे होते म्हणून भाचीने हाक मारली आणि फोन सोफ्यावर उपडा पडला असावा, कारण नंतर बराच वेळ मला फक्त तिची पळती पावले आणि दार ओढल्याचा आवाज ऐकू आला.